मोबाईलमधील दुकान आणि हलाल जोडरोजी

मक्केहून हिजरत करून हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत आले तेव्हा त्यांच्याजवळ काहीच नव्हते. त्यांचे अन्सारी बंधू हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता त्यांच्यापुढे ठेवली. हजरत अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि एवढेच विचारले, की येथील बाजार कुठे आहे? त्या बाजारात त्यांनी पनीर आणि तूप विकायला सुरुवात केली आणि पुढे ते मदीनेतील मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक झाले.

हा प्रसंग आमच्या जलशांत, तकरीरींत वारंवार सांगितला जातो. श्रोते 'सुब्हानल्लाह' म्हणतात आणि घरी जातात. बाजार कुठे आहे, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारत नाही. आजच्या बाजाराचा एक मोठा भाग लोकांच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. तेथे गाळा घ्यायला पागडी लागत नाही, भाडे लागत नाही आणि परवान्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज पडत नाही. असे असताना आमचा कारागीर त्या बाजारात एकतर जातच नाही, किंवा गेला तर चुकीच्या दाराने जातो. या दोन्ही गोष्टींविषयी आम्हाला आज स्पष्ट बोलायचे आहे.

साधन कोणते?

आम्ही ज्या साधनाविषयी बोलत आहोत ते म्हणजे 'व्हॉट्सॲप बिझनेस'. छोट्या व्यावसायिकांसाठी हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात मालाची यादी, म्हणजे 'कॅटलॉग' ठेवण्याची सोय आली. ॲप घेण्यास आणि यादी ठेवण्यास पैसे पडत नाहीत. नेहमीचे व्हॉट्सॲप ज्याला वापरता येते त्याला हेही वापरता येते.

त्यात करायचे ते इतकेच. नेहमीच्या नंबराखेरीज दुसरा नंबर घ्यावा. एकाच फोनमध्ये साधे व्हॉट्सॲप एका नंबरावर आणि बिझनेस दुसऱ्या नंबरावर चालते. दुकानाचा तारेचा फोन असेल तर तो नंबरही चालतो. पडताळणीचा आकडा फोन करून सांगितला जातो. त्यानंतर धंद्याचे नाव, पत्ता आणि वेळ भरावी. मग प्रत्येक नगाचा फोटो, किंमत, माप आणि दोन ओळींची माहिती टाकावी. प्रत्येक नगाला एक क्रमांक द्यावा, म्हणजे गिऱ्हाईक 'तो निळा' असे न म्हणता 'सतरा नंबर' म्हणेल आणि घोटाळा होणार नाही.

वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यात आधीच लिहून ठेवता येतात. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले अशा चिठ्ठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लावता येतात. दुकान बंद असतानाचा निरोप वेळापत्रकाप्रमाणे आपोआप जातो. जुम्याच्या नमाजाच्या वेळी किंवा रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी गिऱ्हाईक ताटकळू नये म्हणून ही सोय फार उपयोगी आहे.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या चादरीवर माल ठेवावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. भरतकाम असेल तर उलट बाजूचाही एक फोटो द्यावा. जाणकार गिऱ्हाईक कापड उलटे करूनच पाहते, हे आमच्या कारागिरांना सांगायला नको.

उत्पन्न किती आणि कोणाचे?

आता मुख्य मुद्दा. या साधनाने लाखो रुपये मिळतील असे आम्ही म्हणत नाही; असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. आम्ही जोडउत्पन्नाविषयी बोलत आहोत. त्याचा हिशोब करून पाहू.

समजा, एक भगिनी घरी कारचोब लावून ओढणीवर जरीकाम करते. व्यापारी तिला कापड आणि सामान देतो आणि नगाला २०० रुपये मजुरी देतो. महिन्याला १० ओढण्या झाल्या तर २,००० रुपये मिळतात. तीच ओढणी दुकानात १,२०० रुपयांना विकली जाते. आता हिने त्यातील ४ ओढण्या स्वतःच्या सामानाने केल्या आणि ओळखीच्या घरांत मोबाईलवरून ९५० रुपयांना विकल्या, असे धरू. कापड आणि सामान ३५० रुपये, टपालखर्च ८० रुपये, नुकसान-परतीपोटी ४० रुपये बाजूला काढले तर एका नगामागे ४८० रुपये उरतात. ४ नगांचे १,९२० आणि व्यापाऱ्याच्या ६ नगांची मजुरी १,२००, मिळून ३,१२० रुपये झाले. म्हणजे तेवढ्याच कष्टात महिन्याला १,१२० रुपये अधिक. या रकमेत बंगला होत नाही. पण मुलीची वह्या-पुस्तके येतात, रिक्षाचे भाडे निघते आणि किराणा दुकानदाराच्या वहीतील नाव कमी होते.

या हिशोबात आम्ही ६ नग व्यापाऱ्याकडेच ठेवले, हे मुद्दाम केले. काही उत्साही तरुण सांगतात, की मधला माणूस काढून टाका. आमचे मत तसे नाही. व्यापारी सामान पुरवतो, मंदीत काम देतो, माल पडून राहिला तर तोटा सोसतो. मोबाईलवरची विक्री या महिन्यात ४ नग, पुढच्या महिन्यात एकही नाही, अशी चालते. रोजच्या भाकरीचे काम सोडून तिच्यामागे लागणे शहाणपणाचे नाही. मात्र स्वतःचे १०-२० गिऱ्हाईक असलेला कारागीर व्यापाऱ्यापुढे मजुरी ठरवताना ताठ मानेने बसतो, आणि त्याच्या कामाला बाहेर काय भाव येतो हे त्याला माहीत असते. आमच्या मते हा लाभ त्या १,१२० रुपयांपेक्षाही मोठा आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. व्यापाऱ्याने दिलेला नमुना ही त्याची अमानत आहे. तो उचलून आपल्या यादीत टाकणे आणि त्याच्याच गिऱ्हाइकाला स्वस्तात विकणे, याला जोडधंदा म्हणत नाहीत. आपला नमुना आपण काढावा.

धंदा बदलत आला आहे

'आमच्या वाडवडिलांनी असे केले नाही', असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही इतिहास पुढे करतो. मिरजेच्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांचा. एकोणिसाव्या शतकात त्या कामाचे दिवस संपत आले, तेव्हा त्याच हातांनी सतार आणि तानपुरा घडवायला घेतला. मिरजेची तंतुवाद्ये देशभर गेली आणि २०२४ साली तेथील सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मालेगाव आणि भिवंडीचे मोमीन विणकर उत्तर हिंदुस्थानातून आले ते हातमाग घेऊन. पुढे त्यांनी यंत्रमाग स्वीकारला. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) हिमरूला एके काळी दरबारी आश्रय होता. तो गेल्यावर गिऱ्हाईक शोधणे विणकरावर आले. म्हणजे वाडवडिलांनी काळाप्रमाणे हत्यार बदलले, माग बदलला, गिऱ्हाईक बदलले. त्यांनी इमानदारी बदलली नाही. अनुकरण करायचे तर या दोन्ही गोष्टींचे करावे.

कोणता व्यवहार जायज?

येथे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण मोबाईलवरच्या विक्रीत सर्वांत मोठी चूक येथेच होते.

या विक्रीचे तीन प्रकार पडतात. पहिला, माल तयार आहे आणि आपल्या ताब्यात आहे. ही सरळ विक्री. त्यात अडचण नाही. दुसरा, माल ऑर्डर आल्यावर तयार करायचा आहे. शेरवानी शिवणे, कपाट बनवणे, सतार घडवणे या गोष्टी अशाच चालतात. फिकहमध्ये याला 'इस्तिस्ना' म्हणतात. माप, सामान, किंमत आणि मुदत आधी ठरवली तर हा व्यवहार जायज आहे आणि विसारही घेता येतो. हे सर्व तोंडी न ठेवता संदेशात लिहून घ्यावे. उधार-मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये आहे आणि मोबाईलवर तर लिहिलेले आपोआप राहते.

तिसरा प्रकार सध्या फार बोकाळला आहे. सुरत किंवा मुंबईच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या ग्रुपमधून फोटो घ्यायचे, त्यावर आपले नाव टाकायचे, किंमत वाढवायची आणि आपल्या ओळखीत पाठवायचे. माल आपण पाहिलेला नाही, हातात घेतलेला नाही, तो शिल्लक आहे की नाही हेही ठाऊक नाही. आणि तरीही पैसे घेऊन मोकळे व्हायचे. जो माल आपल्याजवळ नाही तो विकू नये, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना सांगितले होते. त्या वेळी मोबाईल नव्हता, पण प्रकार हाच होता. गिऱ्हाईक येई, माल जवळ नसे आणि विक्री करून मग तो बाजारातून आणला जाई.

मग हे काम करणाऱ्या भगिनींनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे? मार्ग आहे. त्यांनी विक्रेता न होता वकील, म्हणजे अडत्या व्हावे. घाऊक व्यापाऱ्याशी स्पष्ट ठरवावे, की प्रत्येक नगामागे मला अमुक रुपये दलाली मिळेल. आणि गिऱ्हाइकालाही सांगावे, की माल अमुक व्यापाऱ्याचा आहे, मी मधला आहे. किंवा निदान ५ नग रोखीने आणून घरात ठेवावेत आणि मग विकावेत. त्यात नफा थोडा कमी होतो, पण माल डोळ्यांखालून जातो आणि गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागत नाहीत. बारीक मसल्यांत आपापल्या भागातील आलिमांना विचारावे. पण विचारावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

फोटोविषयीही एक गोष्ट. प्रेषित (सल्ल.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. आजचा फोटो म्हणजे तो धान्याचा ढीगच आहे. रंग भडक करून दाखवणे, डाग बाजूला ठेवून फोटो काढणे, 'शेवटचा एकच नग' असे खोटे लिहिणे, नातेवाइकांकडून खोटी तारीफ लिहून घेणे, हे सर्व ओले धान्य झाकणेच आहे. दोष असेल तर त्याचाच फोटो टाकावा आणि किंमत कमी करावी. आमचा अनुभव असा, की दोष सांगून विकलेल्या मालाची तक्रार येत नाही.

फसवणुकीची दारे

जेथे बाजार तेथे खिसेकापू. काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. 'हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुमचे पैसे येतील', असे सांगणारा गिऱ्हाईक नसून ठग आहे. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला म्हणजे पैसे आले असे नव्हे. बँकेच्या खात्यात रक्कम पाहावी आणि मगच माल पाठवावा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कोणालाही, अगदी भावाच्या नावाने मागणाऱ्यालाही देऊ नये; दुहेरी पडताळणी चालू करून ठेवावी. फसवणूक झालीच तर घरात रडत न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर तितकी रक्कम हातची जाण्याची शक्यता अधिक.

दुसरे दार अधिक घातक आहे. 'घरबसल्या व्हिडिओला लाइक करा, रोज हजार कमवा' असे निरोप येतात. पहिल्या दिवशी खरेच १५०-२०० रुपये मिळतात. मग 'मोठ्या कामासाठी' ५,००० रुपये भरायला सांगितले जाते, नंतर ५०,००० आणि शेवटी समोरचा नंबर बंद होतो. जो काम देतो तो मजुरी देतो. जो काम देण्यापूर्वी पैसे मागतो तो काम देत नाही. 'हलाल' हा शब्द लावल्याने खोटी योजना खरी होत नाही, हेही आपण महाग किंमत देऊन शिकलो आहोत. बंगळुरूची आय.एम.ए. ही कंपनी हलाल नफ्याच्या नावाने ठेवी गोळा करत होती. २०१९ साली ती कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. ज्या उत्पन्नामागे माल दिसत नाही, मेहनत दिसत नाही आणि तोट्याचा धोकाही दिसत नाही, त्या उत्पन्नाच्या वाटेला जाऊ नये.

भगिनींनी धंद्यासाठी घरचा नंबर देऊ नये, वेगळाच ठेवावा. प्रोफाइलला मालाचा फोटो लावावा. माल दाखवायला चेहरा दाखवण्याची गरज नाही. कोणी अवांतर बोलू लागला तर उत्तर न देता त्याला सरळ ब्लॉक करावे; एक गिऱ्हाईक गेल्याने रिज्क कमी होत नाही.

आणि आपणही कोणाला त्रास देऊ नये. ओळख ना पाळख अशा शेकडो लोकांना रोज सकाळी मालाचे फोटो पाठवले तर लोक तक्रार करतात आणि नंबर कायमचा बंद होतो. ज्याने विचारले त्यालाच पाठवावे. 'स्टेटस'ला ठेवलेला एक चांगला फोटो शंभर नको असलेल्या निरोपांपेक्षा अधिक काम करतो.

कायदा आणि हिशोब

फक्त मालाचा व्यापार करणाऱ्यास महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असूनही नोंदणीचा प्रश्न येतो. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलत आहे. तेव्हा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला पहिले पार्सल पाठवण्यापूर्वी एखाद्या करसल्लागाराला विचारून घ्यावे. लोणची, मसाले, मिठाई असे खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी घरगुती धंदा असला तरी अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी. यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया बँकेत दिसतो, म्हणून जमाखर्चाची वही रोजच्या रोज लिहावी. तीच वही पुढे बँकेत दाखवायला कामी येते, आणि जकातीच्या वेळीही. निसाबाइतकी मालमत्ता होऊन वर्ष पूर्ण झाले, तर विक्रीसाठी ठेवलेल्या मालाच्या किमतीवरही अडीच टक्के जकात आहे. ही गोष्ट आमचे अनेक छोटे व्यापारी विसरतात.

जमातीचे काम

शेवटी एक सूचना. हे साधन फुकट असले तरी ते शिकवणारा माणूस लागतो, आणि येथेच आमचे खरे अडते. पन्नाशीच्या कारागिराला ॲप उघडायचे भय वाटते. त्याच घरातील वीस वर्षांचा मुलगा त्याच फोनवर रात्री दोनपर्यंत जागतो. बाप हुनरवाला आणि मुलगा फोनवाला, आणि दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालण्यासाठी मोठी संस्था नको, निधी नको, उद्घाटन नको. मोहल्ल्यातील दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी दर जुम्याला असरनंतर एक तास द्यावा. उर्दू शाळेच्या वर्गात किंवा मशिदीशेजारच्या वाचनालयात बसावे. एका वेळी पाचच कारागीर घ्यावेत. पहिल्या बैठकीत नंबर आणि नाव, दुसरीत फोटो, तिसरीत किंमत आणि हिशोब, चौथीत फसवणुकीपासून बचाव. चार जुम्यांत पाच घरांची दुकाने उभी राहतील. भगिनींसाठी हेच काम शिकलेल्या भगिनींनी करावे.

गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असू दे, त्याला माल फोटोप्रमाणे मिळाला, वेळेवर मिळाला आणि परत द्यायचा झाला तर कुरकुर न करता परत घेतला गेला, की तो दुसऱ्याला सांगतो. मुसलमान कारागिराचा शब्द खरा असतो, ही साक्ष भाषणांनी मिळत नाही. एकेका पार्सलाने मिळते. ज्यांच्या हातात हुनर आहे त्यांनी या जुम्यापासून पहिले पाच फोटो काढून ठेवावेत, ज्यांना फोन कळतो त्यांनी शेजारच्या कारागिराचे दार वाजवावे. प्रयत्न आपला, बरकत अल्लाहची.